अल्बेरुनी : कोणी न सांगता शिकलेला माणूस

गझनीच्या महमूदाचे नाव शाळेतल्या मुलांना सतरा स्वाऱ्यांमुळे पाठ असते. परीक्षेत त्यावर टीप येते, मुले ती लिहितात आणि गुण मिळवितात. परंतु इ. स. १०१७ मध्ये ख्वारिज्मचे राज्य जिंकून परत फिरताना हाच महमूद लुटीच्या मालाबरोबर काही विद्वान माणसेही गझनीस घेऊन गेला आणि त्यांत ४३ वर्षांचा एक गणिती होता, ही गोष्ट त्या टिपेत बसत नाही. त्या गणित्याचे नाव अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल्बेरुनी. महमूदाच्या स्वाऱ्यांचे वैभव त्याच्यामागे फार काळ टिकले नाही. त्याने जबरीने आणलेल्या या माणसाचे ग्रंथ मात्र आजही अभ्यासले जातात.

अल्बेरुनीची विद्वत्ता सर्वमान्य आहे. ती पुन्हा सिद्ध करण्याचा या लेखाचा हेतू नाही. मला त्याच्या चरित्रात एका गोष्टीचे नेहमी नवल वाटत आले आहे. त्याने जे काही मोठे केले ते करण्याची त्याला कोणी आज्ञा केली नव्हती. पुष्कळ वेळा तर ते करू नये अशीच सारी परिस्थिती होती. मग हा माणूस का शिकत राहिला?

त्याचा जन्म ४ सप्टेंबर ९७३ रोजी ख्वारिज्मची राजधानी काथ या शहराच्या वेशीबाहेरच्या वस्तीत झाला. हे ठिकाण आज उझबेकिस्तानात येते. फारसीत बेरून म्हणजे बाहेर. तेव्हा बेरुनी म्हणजे गावकुसाबाहेरचा. त्याच्या कुळाविषयी सांगण्यासारखे काही हाती लागत नाही आणि त्याला स्वतःलाही त्याची फारशी मातब्बरी वाटत नसावी. लहानपणाची एक आठवण मात्र त्याने आपल्या अखेरच्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. त्यांच्या मुलखात कोणी एक ग्रीक मनुष्य येऊन राहिला होता. हा मुलगा रानातली रोपे, बिया, फळे गोळा करून त्याच्याकडे नेई, त्यांना ग्रीक भाषेत काय म्हणतात ते विचारी आणि ती नावे लिहून ठेवी. त्या वयात हे काम त्याला कोणी नेमून दिले असेल असे वाटत नाही.

पुढे अबू नस्र मन्सूर हा राजघराण्यातला गणिती त्याला गुरू म्हणून लाभला. हे त्याचे भाग्य खरेच. मुलाला काय आवडते हे ओळखून त्याच्यापुढे युक्लिडचे भूमितिशास्त्र आणि टॉलेमीचे ज्योतिषशास्त्र ठेवणारा उस्ताद सर्वांनाच मिळतो असे नाही. या गुरुशिष्यांचा स्नेह शेवटपर्यंत टिकला. गुरूने पुढे काही प्रबंध शिष्याच्या नावे लिहिले, आणि गझनीला नेलेल्या विद्वानांत हा गुरूही होता.

वयाच्या सतराव्या वर्षी, म्हणजे ९९० च्या सुमारास, अल्बेरुनीने माध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजून काथचा अक्षांश काढला. चार-पाच वर्षांनी त्याने १५ हात व्यासाचे एक मोठे वर्तुळाकार उपकरण उभारले. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेच्या टोकाला पोहोचतो त्या दिवसाचे एक निरीक्षण पदरात पडले न पडले तोच ९९५ साली राज्यात यादवी माजली. काथचा राजा मारला गेला, त्याच्या आश्रयाने असलेल्यांची दाणादाण उडाली आणि २२ वर्षांच्या या तरुणाला लपतछपत देश सोडावा लागला.

पुढील काही वर्षे हलाखीची गेली. आजच्या तेहरानजवळ असलेल्या रय या शहरी तो राहिला तेव्हा त्याच्या अंगावर धड कपडेही नसावेत. तिथल्या एका ज्योतिष्याशी त्याचा शास्त्रीय मुद्द्यावर मतभेद झाला. त्या गृहस्थाने मुद्द्याला उत्तर न देता याच्या दारिद्र्याचा उपहास केला. पुढे याचे दिवस पालटले तेव्हा तोच गृहस्थ सलगी दाखवू लागला. ही हकीकत अल्बेरुनीने स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि ती वाचताना त्याच्या मनातला सल आपल्यालाही जाणवतो. परंतु त्याच रय शहरात खुजंदी नावाच्या ज्योतिर्विदाने भिंतीसारखे प्रचंड उपकरण बांधले होते. अल्बेरुनीने त्याची गाठ घेतली, ते उपकरण समजून घेतले आणि त्यावर लिहिलेही. उपहास करणारा आणि शिकविणारा एकाच गावात भेटतात. पहिल्याच्या बोलण्याने खचून गेलेल्या मुलाला दुसऱ्याचे दार कधी सापडतच नाही, हे आम्ही शाळेत दर वर्षी पाहतो.

थोडी स्थिरता मिळताच तो पुन्हा काथला आला. २४ मे ९९७ रोजी चंद्रग्रहण होते. बगदादमध्ये अबुल वफा हा थोर गणिती होता. दोघांनी आधी ठरवून, एकाने काथमध्ये आणि दुसऱ्याने बगदादमध्ये, तेच ग्रहण पाहिले व आपापल्या स्थानिक वेळा टिपल्या. ग्रहण तर सर्वांना एकाच क्षणी दिसते, परंतु दोन गावांची घटका वेगळी असते. सुमारे एका तासाचा तो फरक म्हणजेच त्या दोन शहरांच्या रेखांशांतील अंतर. तारायंत्र नाही, बिनचूक घड्याळ नाही, मध्ये शेकडो कोसांचा वाळवंटी प्रदेश. केवळ जाणण्याच्या इच्छेवर उभारलेला हा प्रयोग भूगोलाच्या वर्गात सांगितला तर मुले कान टवकारून ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

याच सुमारास तरुण इब्न सीनाशी त्याचा पत्रव्यवहार झाला. अल्बेरुनीने ॲरिस्टॉटलच्या मतांवर व निसर्गातील घटनांवर १८ प्रश्न विचारले. थंडीने पदार्थ आकसतात तर मग पाणी गोठल्यावर भांडे का फुटते, बर्फ पाण्यावर का तरंगते, असे ते प्रश्न होते. उत्तरे आली, पण याचे समाधान झाले नाही. त्याने उलट आक्षेप पाठविले आणि पत्रांची भाषा बरीच तिखट झाली. थोरांचे भांडणही कशावरून होते ते पाहण्याजोगे आहे!

कॅस्पियन समुद्राकाठच्या गुर्गान येथील राजा काबूस याच्या आश्रयास असताना, इ. स. १००० च्या सुमारास, त्याने निरनिराळ्या लोकांच्या कालगणना, सण व व्रते यांवरचा ‘आसारुल बाकिया’ हा ग्रंथ लिहिला. त्या वेळी तो २७ वर्षांचा होता. नंतर मायदेशी परतून त्याने ख्वारिज्मच्या दरबारात काही वर्षे राजाचा सल्लागार म्हणून काढली. १०१७ मध्ये सैन्याने बंड करून त्या राजाला ठार मारले. राजाची बेगम महमूदाची बहीण होती. हे निमित्त मिळताच महमूद चालून आला. इब्न सीना आधीच तेथून निघून पश्चिमेकडे गेला होता. अल्बेरुनी सापडला.

येथून पुढचे चरित्र अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. गझनीत त्याची स्थिती काय होती? बेड्या नव्हत्या, पण मोकळीकही नव्हती. दरबारला ज्योतिषी लागत आणि तो ज्योतिषी होता. बादशहा जेथे जाईल तेथे जाणे आणि सांगितलेले काम करणे एवढेच त्याच्या हाती होते. आपल्याला हिंडण्याफिरण्याचे आणि मनाप्रमाणे वागण्याचे स्वातंत्र्य कधीच मिळाले नाही, ही खंत त्याने पुढे ‘किताबुल हिंद’मध्ये स्पष्ट शब्दांत मांडली आहे.

१४ ऑक्टोबर १०१८ चा दिवस घ्या. देश सोडून वर्ष-सव्वा वर्ष झाले होते. तो काबूलजवळच्या जैफूर नावाच्या खेड्यात होता. हातात एकही उपकरण नव्हते. मनाची अवस्था तर अशी की, हजरत नूह आणि हजरत लूत यांच्यावर आली त्याहूनही कठीण वेळ आपल्यावर आली आहे, असे त्याने लिहून ठेवले आणि अल्लाहच्या कृपेची याचना केली. आणि त्याच नोंदीत तो सांगतो की, त्या ठिकाणाचा अक्षांश जाणून घेण्याची ओढ त्याला स्वस्थ बसू देईना. तेव्हा त्याने हिशेबाची पाटी उलटी केली, तिच्या पाठीवर वर्तुळाचा एक कंस आखला, त्याचे अंश पाडले, दोऱ्याला वजन बांधून ओळंबा केला आणि सूर्याची उंची मोजली.

ही नोंद ‘तहदीद’ या ग्रंथात आहे. स्थळांचे अक्षांश-रेखांश कसे काढावेत आणि त्यावरून मक्केची दिशा कशी ठरवावी, असा त्याचा विषय. मला या नोंदीचे महत्त्व फार वाटते. मुलाला अभ्यासाची गोडी लागली की तो हसतखेळत शिकेल, अशी आपली एक भाबडी समजूत असते. म्हणून तो रडवेला दिसला, कंटाळलेला दिसला की गोडी नाहीच असे आपण ठरवून टाकतो आणि छडी, शिकवणी, शेजारच्या मुलाचे टक्के अशी बाहेरची हत्यारे काढतो. जैफूरच्या त्या दिवशी अल्बेरुनी मुळीच आनंदी नव्हता. तो दुःखी होता, अपमानित होता, परमुलखात होता. त्याची जिज्ञासा त्याच्या दुःखाखाली दडपली गेली नाही एवढेच. आतली ओढ म्हणजे मनाचा उल्हास नव्हे. उल्हास येतो आणि जातो. ओढ मात्र पाटीच्या पाठीवर का होईना, आपली सोय करून घेते.

आता संस्कृतकडे वळू. महमूदाला हिंदुस्थानातून हवे होते ते धन. तेथील शास्त्रे त्याच्या ज्योतिष्याने शिकावीत अशी त्याची आज्ञा असल्याचा कोठेही उल्लेख नाही. दरबारात त्याचे कौतुक होण्याची शक्यता नव्हती, आणि ज्यांच्या देशावर रोज घोडदळ चालून जात होते त्या पंडितांनी परक्याला जवळ का करावे हाही प्रश्न होताच. महमूदाच्या स्वाऱ्यांनी त्या देशाची भरभराट धुळीस मिळविली, त्यामुळे तेथील लोकांच्या मनात परकीयांविषयी तीव्र तिटकारा निर्माण झाला आणि त्यांची शास्त्रे काश्मीर व काशीसारख्या दूरच्या ठिकाणी निघून गेली, असे अल्बेरुनीने निर्भीडपणे लिहिले आहे. अशा स्थितीत चाळिशी उलटल्यावर त्याने ही भाषा शिकावयास घेतली.

भाषेच्या अडचणींची त्याने केलेली नोंद वाचून संस्कृतचे आमचे विद्यार्थी त्याला आपला सोबती मानतील. एकाच वस्तूची अनेक नावे, एकाच शब्दाचे अनेक अर्थ, अरबी जिभेला न वळणारे उच्चार, निष्काळजी लेखनिकांनी बिघडविलेल्या पोथ्या आणि शास्त्रग्रंथही पद्यात! एखादा शब्द पंडिताच्या तोंडून ऐकून तो काळजीपूर्वक लिहून घ्यावा आणि पुन्हा त्यालाच वाचून दाखवावा, तर त्याला तो ओळखू येत नसे. पोथ्या मिळविण्यासाठी आणि त्या समजावून सांगणारे पंडित दूरदूरहून आणविण्यासाठी त्याने कष्ट व पैसा यांची पर्वा केली नाही. या छंदात आपण आपल्या काळी जवळजवळ एकटेच आहोत हेही त्याला ठाऊक होते.

प्रथम तो हिंदी ज्योतिषांपुढे विद्यार्थी म्हणून बसला. थोडे समजू लागल्यावर तो त्यांना गणिताची कारणे आणि सिद्धता समजावून सांगू लागला. तेव्हा ते चकित होऊन, हे तू आमच्यातल्या कोणत्या गुरूकडून शिकलास, असे त्याला विचारू लागले. पुढे सांख्य व पातंजल योग या विषयांवरचे ग्रंथ त्याने अरबीत आणले. त्याचे अरबी पातंजल इस्तंबूल येथील एका हस्तलिखितात विसाव्या शतकात सापडले. उलट दिशेनेही त्याने काम केले. युक्लिड आणि टॉलेमी यांचे ग्रंथ हिंदूंसाठी श्लोकांत उतरविण्याच्या खटाटोपात आपण आहोत, असे तो सांगतो. एवढ्यासाठी त्याला पगारवाढ मिळाली नसेल हे उघड आहे.

फौजेबरोबर जेथपर्यंत जाता आले तेथपर्यंत तो गेला. पेशावर, लाहोर, सियालकोट, मुलतान अशा ठिकाणांचे अक्षांश त्याने मोजले आणि यापलीकडे आपण गेलो नाही हेही प्रामाणिकपणे नमूद केले. आज पाकिस्तानात असलेल्या झेलम जिल्ह्यातील नंदना किल्ल्यावर त्याला एक डोंगर दिसला. समोर सपाट मैदान, त्याला भिडलेले क्षितिज. त्याने आधी डोंगराची उंची काढली. मग माथ्यावर जाऊन क्षितिज डोळ्यांच्या पातळीच्या किती खाली झुकलेले दिसते तो कोन मोजला. तो एका अंशाहूनही कमी भरला. या दोन मापांवरून त्याने संपूर्ण पृथ्वीची त्रिज्या काढली, आणि ती आजच्या मापाच्या जवळ जाते. पूर्वी खलिफा मामूनच्या आज्ञेवरून ज्योतिर्विदांनी वाळवंटात दोऱ्या घेऊन चालत एका अंशाचे अंतर मोजले होते. आपल्या रीतीत वाळवंट तुडवावे लागत नाही, असे अल्बेरुनी जाता जाता म्हणतो. फौज किल्ला राखण्यासाठी होती. पृथ्वी मोजण्याची कल्पना तिच्यातल्या एकट्याची.

‘किताबुल हिंद’ १०३० मध्ये, महमूदाच्या मृत्यूनंतर पुरा झाला. त्यात ८० प्रकरणे आहेत. धर्म, तत्त्वज्ञान, ज्योतिष, भूगोल, मापे, लिप्या, विवाह, सण असे विषय त्यात आले आहेत. धार नगरीहून दक्षिणेकडे निघणाऱ्या मार्गांचे वर्णन करताना त्याने मऱ्हाट देशाचा आणि समुद्रकाठच्या ठाणे या राजधानीसह कोकणाचा उल्लेख केला आहे. तो इकडे आलेला नव्हता. कोणा प्रवाशाला विचारून अंतरे टिपून ठेवण्याची ती त्याची जुनीच सवय. दुसऱ्या धर्माचे लोक काय मानतात ते त्यांच्याच ग्रंथांवरून सांगावे, खंडनमंडनात पडू नये, हा दंडक त्याने स्वतःला घालून घेतला होता.

या ठिकाणी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. हा ग्रंथ लिहावा असा आग्रह अबू सहल नावाच्या एका विद्वान स्नेह्याने त्याला केला होता. प्रस्तावनेत त्याने तसे सांगितलेच आहे. तेव्हा बाहेरून काहीच मिळाले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. गुरू लाभला, स्नेही लाभला, राजांचे अन्न त्याने खाल्ले. त्याला फकीर ठरविण्याचे कारण नाही. परंतु अबू सहलने आग्रह केला तेव्हा पोथ्या जमविलेल्या होत्या आणि भाषा घटविलेली होती. त्याच आग्रहाने दरबारातल्या दुसऱ्या कोणाकडून असा ग्रंथ झाला नसता. बी आधीच पडलेले असेल तर पावसाच्या सरीचा उपयोग होतो. आम्ही शिक्षक आणि पालक पुष्कळदा नुसत्याच सरी पाडीत असतो.

महमूदानंतर त्याचा मुलगा मसूद गादीवर आला. त्याने अल्बेरुनीला पुष्कळ चांगले वागविले. त्याच्या नावे अल्बेरुनीने ‘कानून मसूदी’ हा ज्योतिषशास्त्राचा प्रचंड ग्रंथ लिहिला. सुलतानाने खूष होऊन हत्तीवर लादून चांदी पाठविली आणि याने आपल्याला तिची गरज नाही म्हणून ती खजिन्यात परत केली, अशी एक कथा जुन्या चरित्रकारांनी दिली आहे. १०३६ साली त्याने आपल्या ग्रंथांची यादी केली. तेव्हाच ती शंभराच्या वर गेली होती.

उतारवयात दृष्टी मंदावली, कान काम देईनासे झाले. ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या या वृद्धाने तरीही एका वैद्याच्या मदतीने औषधी वनस्पती व द्रव्ये यांवर ‘किताबुस् सैदना’ हा ग्रंथ लिहावयास घेतला. एकेका द्रव्याला अरबी, फारसी, सुरयानी, हिंदी भाषांत काय म्हणतात आणि ग्रीकमध्ये काय म्हणतात, हे त्यात क्रमाने दिले आहे. काथच्या वेशीबाहेर रोपे गोळा करणाऱ्या मुलाची आठवण त्याला याच ग्रंथात झाली.

त्याचा मृत्यू गझनी येथे १०४८ च्या सुमारास झाला असे मानतात. त्या वेळची एक कथा प्रसिद्ध आहे. श्वास जड झालेला असताना एक विधिज्ञ स्नेही भेटीस आला. अल्बेरुनीने त्याला, आजीकडच्या वारसाहक्काचा जो हिशेब तुम्ही मागे सांगितला होता तो पुन्हा सांगा, असे म्हटले. अशा अवस्थेत कशाला, असे त्या सद्गृहस्थाला वाटले. तेव्हा हा प्रश्न न समजता जग सोडण्यापेक्षा समजून सोडलेले बरे नाही का, असे अल्बेरुनीने त्यालाच विचारले. त्याने हिशेब सांगितला. अल्बेरुनीने तो पुन्हा म्हणून दाखविला. तो स्नेही घराबाहेर पडून रस्त्याला लागतो न लागतो तोच आतून रडण्याचा आवाज आला.

त्याच्या पश्चात ‘किताबुल हिंद’ फारसा कोणी वाचला नाही. जर्मन पंडित एडुआर्ड साखाऊ याने १८८७ मध्ये त्याची अरबी संहिता छापली आणि पुढच्याच वर्षी इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे तो जगापुढे आला. पाटीच्या पाठीवर कंस आखल्याची नोंद असलेल्या ‘तहदीद’ची तर एकच जुनी प्रत शिल्लक राहिली. ती इस्तंबूलमध्ये आहे. तिच्यावर गझनीचे नाव आणि हिजरी ४१६ हे साल आहे, आणि ती अल्बेरुनीच्या स्वतःच्या हातची असावी असे काही अभ्यासकांचे मत आहे.